एन्व्हिसॅट लेसर-कक्षा प्रकल्प, नागपूर : बंद करतानाच्या नोंदी

९ एप्रिल २०१२, सोमवार

जमिनीवरच्या लेसर केंद्रांच्या मोजमापांवरून युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहाची कक्षा काढायचं आमचं काम. त्यातला ५ ते ७ एप्रिलचा आर्क, म्हणजे त्या तीन दिवसांचा कक्षेचा तुकडा, बसला. रेसिड्यूअल, म्हणजे मोजलेल्या आणि काढलेल्या अंतरांतले फरक, नेहमीच्या पट्ट्यात आहेत, कुठला पास (उपग्रह एका केंद्रावरून जातानाची मोजमापं) गाळावा लागला नाही. ऑस्ट्रेलियातल्या यारागडी केंद्राचा वाटा याही वेळी मोठा. मार्चमधला तो वादळी आठवडा मात्र अजून सुटत नाही. ७ मार्चला सूर्यावर एक्स ५.४ दर्जाची ज्वाला उठली, मग चुंबकीय वादळ आलं, वरची हवा फुगली आणि उपग्रहावरचं घर्षण एकदम वाढलं. दिवसाला एकच घर्षण-गुणांक धरून तिथे भागत नाही. माझी विद्यार्थिनी शु. म्हणते, दर सहा तासांना वेगळा काढू. काढू दे.

८ ते १० चा आर्क या आठवड्यात.

१३ एप्रिल, शुक्रवार

८ ते १० चा आर्क थांबवला आहे. काल युरोपीय अवकाश संस्थेने, म्हणजे ईसाने, जाहीर केलं की रविवारी ८ तारखेला एन्व्हिसॅटशी संपर्क तुटला. स्वीडनमध्ये किरुनाला ठरल्याप्रमाणे डेटा उतरला नाही आणि त्यानंतर पाठवलेल्या आज्ञांना काहीच उत्तर नाही.

प्रकल्पातला तिसरा, रा., याने मोबाइलवर बातमी वाचून दाखवली, तेव्हा लॅबमध्ये आम्ही तिघंच होतो. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. १ मार्च २००२ ला उडालेला हा उपग्रह पाच वर्षांच्या हिशेबाने बनवलेला. त्याने दहा काढली. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच. २०१३ पर्यंत चालावा म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये त्याची कक्षा सतराएक किलोमीटर खाली आणून इंधन वाचवलं होतं. आम्हीही आमचा आराखडा त्याच भरवशावर २०१३ अखेरपर्यंत आखला.

शु.चा पहिलाच प्रश्न उपग्रहावरच्या, लेसर परत पाठवणाऱ्या काचेच्या रिफ्लेक्टरबद्दल होता, आणि रास्त होता. "मॅडम, रिफ्लेक्टरला कुठं वीज लागते जी? उपग्रह बंद पडला तरी काच तर तिथंच आहे ना. मग आपलं काम कशाला थांबते?"

याचं उत्तर घाईत द्यायचं नाही. सोमवारी नीट बसू.

१४ एप्रिल, शनिवार

आंबेडकर जयंती, सुट्टी. रा. मित्रांबरोबर दीक्षाभूमीवर पाणी वाटायला गेलाय.

१६ एप्रिल, सोमवार

सिव्हिल विभागातून टोटल स्टेशनचा प्रिझम मागून आणला. सर्व्हेवाले काठीवर लावतात तोच. एकमेकांना काटकोनात असलेले तीन पृष्ठभाग. प्रकाश तिन्हींवर आपटून आल्या वाटेनेच परत जातो. दोघांनाही एक डोळा मिटून त्यात बघायला लावलं. काच कशीही तिरपी धरा, स्वतःच्या डोळ्याची बाहुली बरोबर मधोमध दिसते. रा.ने प्रिझम हळूहळू फिरवत नेला, बाहुली काही हलेना. एन्व्हिसॅटच्या पृथ्वीकडच्या अंगाला असे नऊ प्रिझम बसवलेत, एक मधे आणि आठ भोवती. केंद्रातून हिरवा लेसर सोडायचा, साधारण ५३२ नॅनोमीटरचा, आणि परत आलेल्या प्रकाशकणाची वेळ मोजायची. उपग्रह डोक्यावर असेल तर जाऊन-येऊन पाच मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. अंतरात एक सेंटीमीटरचा फरक म्हणजे वेळेत ६७ पिकोसेकंदांचा. त्यात हवेचा हिशेब वेगळा: समुद्रसपाटीवरून सरळ वर बघितलं तरी वातावरणामुळे अंतर सव्वादोन-अडीच मीटर जास्त भरतं, म्हणून प्रत्येक केंद्र हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता मोजमापासोबत नोंदवतं.

म्हणजे शु.चं अर्धं म्हणणं बरोबर आहे. काचेला कोणाच्या आज्ञेची गरज नाही. कोणी नेम धरला तर ती प्रकाश परत पाठवेल, आणि मिळालेलं अंतर खरंच असेल.

पण ते अंतर काचेपर्यंतचं. कक्षा काढायची ती उपग्रहाच्या गुरुत्वमध्याची. आठ टन वजनाचं धड दहा मीटर लांब, सौर पंखा धरून एकूण लांबी २६ मीटरच्या घरात. काच त्या धडाच्या एका बाजूला. उपग्रह ठरल्या रीतीने पृथ्वीकडे तोंड करून उभा आहे, हे माहीत असेल तोवर काचेपासून मध्यापर्यंतची दुरुस्ती निव्वळ भूमितीची. आमच्या प्रोग्रॅममध्ये ती काही ओळींत आहे. तो गडबडा लोळायला लागला असेल, तर त्याच ओळी दर मोजमापात चूक घालतील, आणि ती चूक मीटरमध्ये असेल. सेंटीमीटरच्या गोष्टी करणाऱ्यांनी मीटरची चूक आत घ्यायची नाही.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. आम्ही हे काम सुरू केलं ते ईआरएस-१ च्या गोष्टीवरून. १७ जुलै १९९१ ला उडालेल्या त्या उपग्रहावर कक्षा अचूक मोजायला प्रारे नावाचं उपकरण होतं, ते सुरुवातीलाच निकामी झालं. मग जगभरच्या लेसर केंद्रांच्या मोजमापांवरच ती मोहीम उभी राहिली. १९९८ मध्ये उडालेल्या जिओसॅट फॉलो-ऑनचंही तेच: जीपीएस रिसीव्हर चालले नाहीत, लेसरने सांभाळलं. आमचा प्रश्न तिथून आला. सगळं बंद पडून फक्त लेसर उरला, तर कक्षा किती चांगली काढता येते? एन्व्हिसॅटवर डोरिसचा रिसीव्हर होता, जमिनीवरच्या बीकनांचे सिग्नल ऐकून कक्षा पक्की करणारा. आम्ही डोरिसची कक्षा झाकून ठेवायची, फक्त लेसरच्या नॉर्मल पॉइंटांवरून (अनेक मोजमापांचा मिळून काढलेला एकेक सरासरी बिंदू) आपली काढायची आणि मग झाकण उचलून ताडून बघायचं. परीक्षेनंतर उत्तरसूची मिळावी तसं.

आता डोरिसला वीज नाही. ८ एप्रिलनंतर ताडून बघायला काहीच नाही. आम्ही आकडे काढत बसू शकतो, पण ते बरोबर की चूक हे सांगणारं कोणी नसेल. त्याला प्रयोग म्हणता येत नाही.

शु. गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे काच जिवंत आहे, पण प्रश्न गेला." वाक्य तिचंच, मी फक्त उतरवून घेतलं.

२१ एप्रिल, शनिवार

ईसाने फोटो प्रसिद्ध केलाय. फ्रान्सच्या प्लेयाद उपग्रहाने १५ एप्रिलला शंभरेक किलोमीटरवरून जाताना एन्व्हिसॅटला टिपलं. जर्मनीत वाख्टबर्गच्या टिरा रडारनेही प्रतिमा घेतल्यात. धड दिसतं, सौर पंखा जागेवर दिसतो, तुटफूट दिसत नाही. रा.ने फोटो मोठा करून काच कुठल्या अंगाला असेल ते पेन्सिलीने दाखवायचा प्रयत्न केला. फोटोतल्या ठिपक्यांच्या आकारापुढे ते शक्य नाही, तरी त्याने केला आणि मी त्याला थांबवलं नाही.

२५ एप्रिल, बुधवार

ईसा अजून प्रयत्न करते आहे. उपग्रह परत बोलू लागला तर मला आनंदच आहे. पण तो बोलो वा न बोलो, काही गोष्टी निकाल यायच्या आत ठरवून टाकल्या, म्हणजे नंतर मनाला मुरड घालावी लागणार नाही.

शेवटचा ग्राह्य आर्क ५ ते ७ एप्रिल. ८ तारीख पूर्ण वगळायची, सकाळची मोजमापं कितीही देखणी असली तरी. बिघाड नेमका कसा आणि कधी सुरू झाला, हे ईसालाच कळलेलं नाही. त्या दिवशी उपग्रहाचं तोंड कुठे होतं हे आम्ही गृहीत धरणार नाही. पुढे कुठल्याही केंद्राचं मोजमाप हाती आलं तरी ते वेगळ्या फोल्डरमध्ये, मुख्य उत्तरात घ्यायचं नाही. मार्चचा वादळी आठवडा न सुटल्यास तो न सुटलेला म्हणूनच लिहायचा, गाळायचा नाही.

शेवटच्या मुद्द्यावर रा. आणि माझी थोडी वादावादी झाली. त्याचं म्हणणं, तो आठवडा ठेवला तर सगळ्या आकड्यांना डाग लागतो. माझं म्हणणं, सूर्य खवळला की लेसरवरची कक्षा किती बिघडते, हेच तर कोणालातरी पुढे लागणार आहे. आठवडा राहिला.

१० मे, गुरुवार

काल ईसाने मोहीम संपल्याचं जाहीर केलं. दोन शक्यता सांगितल्या आहेत: एक, पॉवर रेग्युलेटर गेला आणि त्यामुळे संदेश येणं-जाणं दोन्ही बंद पडलं, दुसरी, शॉर्ट सर्किट होऊन उपग्रहाने सेफ मोडमध्ये जायचा प्रयत्न केला आणि वाटेतच दुसरा काही बिघाड झाला. इंजिनला हात लावता येत नाही, म्हणजे कक्षा खाली आणून जाळूनही टाकता येत नाही. आपोआप खाली यायला दीडशे वर्षांच्या आसपास लागतील म्हणतात. त्या उंचीवर इतर उपग्रहांची आणि मोडक्या तुकड्यांची गर्दी आहे. मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटते.

आम्हीही आज बंद करायचं ठरवलं.

रा.चा प्रस्ताव होता क्रायोसॅट-२ वर वळायचा. ८ एप्रिल २०१० ला उडालेला, त्यावरही डोरिस आहे, सात प्रिझमचा रिफ्लेक्टर आहे, प्रोग्रॅम जवळपास तोच चालेल. प्रस्ताव चांगला आहे, तो करावाच. पण याच प्रकल्पाचं शेपूट म्हणून नको. क्रायोसॅट वेगळ्या उंचीवर, ७१७ किलोमीटरला, वेगळ्या कलाची कक्षा, वेगळ्या आकाराचं धड, घर्षण वेगळं. दोघांचे आकडे एका तक्त्यात मिसळले तर पाहणाऱ्याला एक सलग गोष्ट दिसेल, जी नाहीच. नवं नाव, नवी वही, पहिल्या पानापासून. रा.ला हे पटलं. प्रस्ताव त्याचा म्हणून वहीवर नाव त्याचंच लिहायचं, हेही ठरलं.

१८ मे, शुक्रवार

बंद करणं म्हणजे कपाटाला कुलूप लावणं, असं विभागात काहींना वाटतं. "झालं ना तुमचं?" दोघातिघांनी विचारून झालं. झालं नाही. गेल्या काळात प्रोग्रॅम पुष्कळ वेळा बदलला. हवेमुळे अंतर किती जास्त भरतं ते काढायला सुरुवातीचे आर्क जुन्या मॉडेलवर, नंतरचे मेंडेस-पॅव्हलिस मॉडेलवर. सगळे आर्क एकाच आवृत्तीने, एकाच मशीनवर पुन्हा चालवायचे आहेत, नाहीतर शेवटचा तक्ता म्हणजे गोधडी होईल. केंद्रांचे निर्देशांकही सगळीकडे एकाच संदर्भचौकटीतले हवेत.

उन्हामुळे दुपारी मशीन चालवत नाही. कूलर लावला तरी खोली भट्टीसारखी, त्यात वीज जाते. लॅब असिस्टंट भाऊ सकाळी सहाला कुलूप उघडून देतात, साडेदहापर्यंत जेवढं होईल तेवढं. मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं, त्यांनीच विचारलं, "मॅडम, सकाळी उघडून देऊ का जी? थंड्यात होईल काम."

२१ मे, सोमवार

वादळी आठवडा सुटला, बऱ्याच अंशी. शु.ची सहा तासांची युक्ती चालली. मात्र जिथे सहा तासांत एकाही केंद्राचा पास नाही, तिथे गुणांक हवेतच लटकतो. त्याला शेजारच्या गुणांकांना बांधून ठेवावं लागलं. हे असंच नोंदवलं आहे.

२८ मे, सोमवार

रविवारी शु.च्या घरी हिंगणघाटला गेलो होतो. विल्यम लॅम्बटनची कबर बघितली. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायाची रेषा मोजून त्याने त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, कोन मोजायचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन दक्षिणेतून वर सरकत आला, आणि २० जानेवारी १८२३ ला इथे हिंगणघाटला वारला. काम अर्ध्यातच होतं. त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने ते पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. शु. लहानपणापासून याच गावात राहिलेली, पण हा माणूस काय मोजत होता हे तिला एम.एस्सी.त आल्यावर कळलं. पृथ्वीचा आकार मोजत होता. लेसर केंद्रंही तेच करतात: लॅजिओससारख्या उपग्रहांवरून, साठ सेंटीमीटरचा गोळा, त्यावर ४२६ प्रिझम, १९७६ पासून वर फिरतोय, आत एकही वायर नाही. पृथ्वीचा गुरुत्वमध्य कुठे आहे, खंड वर्षाला किती सरकतात, हे त्याच्यावरून कळतं.

येताना गाडीत शु.ने विचारलं, लॅम्बटनच्या मागे त्याच्या वह्या एव्हरेस्टला समजल्या कशा असतील. मी म्हटलं, त्याचे कोन, त्याच्या साखळ्या, त्याचं तापमान, सगळं नोंदलेलं असल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाताच आलं नसतं. आजपासून तिने आमच्या प्रत्येक इनपुट फाइलीवर वर चार ओळींची माहिती लिहायला घेतली आहे. कोणी सांगितलं नव्हतं.

६ जून, बुधवार

सकाळी शुक्राचं अधिक्रमण. सूर्य उगवला तेव्हाच शुक्र बिंबावर होता. गच्चीवर प्रोजेक्शन लावून शाळेच्या मुलांना दाखवलं, दहा-सव्वादहापर्यंत. पुढचं २११७ मध्ये. आज प्रकल्पाचं काम नाही.

१८ जून, सोमवार

डोरिसच्या आधारे काढलेली शेवटच्या काळाची कक्षा उतरवली. झाकण उचललं. ५ ते ७ एप्रिलचा आर्क आतापर्यंतच्या चांगल्या आर्कांपैकी आहे. तिघांनीही आलेख जवळ जाऊन बघितला.

एकंदर चित्र असं. उंचीच्या दिशेने लेसरवरची कक्षा चांगली धरते. प्रवासाच्या दिशेने फरक त्याच्या कितीतरी पट. कारण बहुतेक केंद्रं उत्तर गोलार्धात, तीही युरोपात एकवटलेली, आणि लेसरला निरभ्र आकाश लागतं. दक्षिणेचा भार यारागडीवर आणि ऑस्ट्रेलियातल्याच माउंट स्ट्रॉम्लोवर. तिथे ढग आले की आर्कला झोल पडतो. हिंद महासागरावरून जाताना आमच्याकडे कितीतरी वेळ एकही बिंदू नसायचा. आमच्या फायलींमध्ये भारतातलं एकही केंद्र नव्हतं, आणि नागपुरात बसून हे लिहिताना ते खटकतं. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आपल्याकडे आकाश मोकळं असतं. इथून एखादं केंद्र नेमाने चाललं, तर या झोलाचा बराच भाग भरून निघेल असं मला ठामपणे वाटतं. अहवालात हा परिच्छेद मी स्वतः लिहिणार आहे.

ईआरएस-१ च्या वेळी लोकांनी लेसरला उंचीमापक रडारच्या क्रॉसओव्हरची (दोन फेऱ्यांच्या वाटा छेदतात तिथल्या दोन उंचींच्या तुलनेची) जोड का दिली, तेही आता आकड्यांत दिसतं. नुसत्या लेसरवर निभतं, पण केंद्रांचं जाळं समतोल असेल तरच.

३० जून, शनिवार

तीन डीव्हीडी केल्या: एक विभागात, एक ग्रंथालयात, एक माझ्याकडे. मूळ नॉर्मल पॉइंट, प्रोग्रॅम, सगळे आर्क, डोरिसशी तुलना, गाळलेल्या पासची यादी कारणांसकट. नॉर्मल पॉइंटांच्या मूळ फायली नासाचं सीडीडीआयएस आणि म्युनिकचं ईडीसी या डेटा-भांडारांत सगळ्यांना खुल्या आहेतच, तरी आम्ही वापरली ती प्रत ठेवली. लेसर फाइलीची शेवटची ओळ एच९ असते, फाइल इथे संपली असं सांगणारी. ती नसेल तर उतरवताना फाइल तुटली असं समजायचं. रा.ने प्रत्येक फाइल उघडून ती ओळ तपासली.

प्रिझम सिव्हिलला परत केला. कालपासून पाऊस लागलाय, सकाळी सहाची आता गरज नाही. प्रकल्प बंद.

१४ नोव्हेंबर २०१४, शुक्रवार

ही नोंद याच वहीत हवी म्हणून लिहिते.

लेसर केंद्रांनी २०१३ मध्ये एन्व्हिसॅटवर पुन्हा नेम धरला, आणि त्याचे निष्कर्ष यंदा प्रसिद्ध झालेत. काच अजून प्रकाश परत पाठवते आहे. उपग्रह फिरतो आहे, एक फेरा सुमारे १३४ सेकंदांचा, आणि फिरणं हळूहळू मंदावतंय. हे कळलं कसं, तर काच गुरुत्वमध्याभोवती फिरते, त्यामुळे मोजलेल्या अंतरात लाट येते. आम्ही ज्याला चूक म्हणून बाहेर ठेवलं, तेच त्यांनी मोजलं. हा मोडका उपग्रह कधी पकडून खाली आणायचा झाला, तर तो कसा फिरतो ते आधी माहीत हवं.

शु. आता पुण्यात पीएच.डी. करते. तिला कळवलं, तर अर्ध्या तासात फोन. "मॅडम, आपल्या प्रोग्रॅममधली ती काच-ते-मध्य दुरुस्ती काढून टाकली तर लाट आपल्यालाही दिसेल ना जी?" दिसायला हवी. तिने २०१३ च्या फायली उतरवायला घेतल्या आहेत. विभागातली डीव्हीडी काढून बघितली, चालते. दुरुस्तीच्या ओळी कुठल्या फाइलीत आहेत, ते तिनेच २०१२ मध्ये वर लिहून ठेवलं होतं. तो भाग तिला मेल केला. नव्या कामाला रा.च्या क्रायोसॅटच्या वहीशी जोडायचं नाही, वेगळं फोल्डर करायला सांगितलं आहे.